टॅपेटचा आवाज आणि ९९ टक्के अचूकता

एम.एस्सी. करून पीएच.डी.कडे वळणाऱ्यांपैकी बरेच जण सध्या एकाच जातीचा विषय घेऊन येतात: यंत्राच्या आवाजावरून किंवा कंपनांवरून बिघाड ओळखायचा, आणि तो मशीन लर्निंग वापरून ओळखायचा. बेअरिंग, गिअरबॉक्स, पंप, इंजिन, काहीही चालतं. विषय वाईट नाही. सेन्सर स्वस्त झालेत, कोड तयार मिळतो, आणि शीर्षकात 'एआय' आलं की समितीही खूश असते. पण या विषयावरचे पेपर वाचायचे कसे, हे कोर्सवर्कमध्ये कुणी शिकवत नाही.

म्हणून आज त्यातला अगदी छोटा कोपरा घेते: ट्रक आणि व्हॅनच्या इंजिनातला टॅपेटचा आवाज. हाच का? कारण या आवाजाचं निदान गॅरेजमध्ये कित्येक पिढ्या चाललंय आणि जर्नलमध्येही चाललंय. दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की जर्नलमधली नेमकी कुठे लंगडी पडते ते दिसतं. माझी तक्रार आधीच सांगून टाकते. या विषयावरचे मी वाचलेले बहुतेक पेपर वर्गीकरण करतात आणि त्याला निदान म्हणतात. या दोन कामांत बराच फरक आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर करतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली दाबतं. व्हॉल्व्ह परत जागेवर बसवायचं काम स्प्रिंगचं. या साखळीत मुद्दाम थोडी मोकळी जागा ठेवतात, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. ती ठेवलीच नाही तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसणार नाही. हीच टॅपेट क्लिअरन्स. कमिन्सचं बी मालिकेतलं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडर आणि बारा व्हॉल्व्हचं डिझेल इंजिन उदाहरणाला घ्या. अमेरिकेत ते १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअप ट्रकमध्ये आलं, आपल्याकडे जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटांच्या ट्रकमध्ये. त्यात इंजिन थंड असताना इनटेकला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी जागा ठेवतात. एक्झॉस्टला दुप्पट, कारण जळून निघालेला वायू त्याच्यावरून जातो आणि तो जास्त तापतो.

आता आवाज. कॅमच्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना हळुवार उतार दिलेला असतो. मोकळी जागा भरून निघते ती या उतारावर, म्हणजे रॉकर व्हॉल्व्हला भेटतो तेव्हा वेग कमी असतो. व्हॉल्व्ह सीटवर उतरतो तेव्हाही कमी. लॉकनट ढिला झाला, टॅपेटचं तोंड झिजलं किंवा पुशरॉड वाकला की जागा वाढते. मग भेट उतारावर न होता उंचवट्याच्या चढावर होते, जिथे वेग कितीतरी जास्त. धातूवर धातू आपटतो. ही झाली टकटक. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर आयडल करत असेल तर कॅम ३७५ फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला सव्वासहा. एक ढिला टॅपेट सेकंदाला साधारण सहा ठोके देतो. कान लावला तर मोजतासुद्धा येतात.

पेट्रोल इंजिनांत बऱ्याचदा हायड्रॉलिक लिफ्टर असतात. त्यांच्या पोटात ऑइल भरतं आणि मोकळी जागा आपोआप शून्य होते. फिलर गेज लावून सेटिंग करायची भानगड नाही. पण आतला बॉल व्हॉल्व्ह गळायला लागला, ऑइल कमी झालं, किंवा उलट जास्त भरल्यामुळे क्रँकने ढवळून त्यात हवा मिसळली, तर लिफ्टर दबतो आणि तीच टकटक सुरू होते.

इथपर्यंत सगळं पाठ्यपुस्तकासारखं आहे. अडचण पुढे आहे. सेकंदाला सहा ठोके देणारं इंजिनात इतरही बरंच काही असतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये ज्वलन दोन फेऱ्यांत एकदाच होतं, त्यामुळे डिझेलच्या इंजेक्टरचा ठोकाही त्याच लयीत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचे इंजेक्टर तर निरोगी असतानाही टिकटिक करतात. ढिल्या पिस्टनची थापही साधारण त्याच लयीत जाणवते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं असेल किंवा बोल्ट तुटला असेल तर त्या सिलिंडरचा वायू दर दोन फेऱ्यांनी एकदा फटीतून फटकन बाहेर येतो. बंद बॉनेटमधून ऐकलं तर तो हुबेहूब टॅपेटसारखा. कनेक्टिंग रॉडचा ठोका क्रँकच्या लयीत येतो म्हणून तेवढा तरी लयीवरून वेगळा काढता येतो. बाकीच्यांना लय एकच.

यातला मॅनिफोल्डचा घोटाळा किती महागात पडतो ते बघा. जनरल मोटर्सची ५.३ आणि ६ लिटरची व्ही-८ इंजिनं अमेरिकेत सिल्व्हराडो ट्रकमध्ये आली, याच घराण्यातली एक्स्प्रेस व्हॅनमध्येही आली. या इंजिनांत दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. एक, लिफ्टरची टिकटिक. विशेषतः इंधन वाचवण्यासाठी चार सिलिंडर बंद करणारी व्यवस्था ज्या ट्रकांत आली, त्यांच्या खास लिफ्टरांची. दुसरी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे टोकाचे बोल्ट तुटणं. दोन्ही आवाज सकाळी थंड इंजिनात मोठे आणि नंतर कमी होणारे. आता दुरुस्ती बघा. या घराण्यात लिफ्टर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बसवलेले असतात आणि ते बाहेर काढायचे तर सिलिंडर हेड उतरवावं लागतं. हेड उतरलं म्हणजे नवं हेड पॅकिंग, नवे हेड बोल्ट, कूलंट, आणि गाडी काही दिवस उभी. बोल्ट तुटला असेल तर तुटका तुकडा काढून नवा बसवायचा. तो तुकडा हेडमध्ये अडकून रडवतो हे खरं, पण इंजिन उघडावं लागत नाही. ज्याने आवाज ऐकून सरळ हेड उतरवलं आणि नंतर मॅनिफोल्डवर काजळीचा पट्टा बघितला, त्याच्या गिऱ्हाइकाचा ट्रक तेवढे दिवस कमाईविना उभा राहिला.

गॅरेजमधला चांगला मिस्त्री यातून वाट कशी काढतो? माझा समज होता तसाच बहुतेकांचा असतो, की अनुभवी कानाला 'कळतं'. मी काही शनिवार एका गॅरेजमध्ये उभी राहून बघितलं. कान महत्त्वाचा आहेच, पण त्याच्याकडे काम थोडंसंच असतं. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक रॉकर कव्हरवर लावलं की कुठल्या टोकाकडे आवाज मोठा आहे ते कळतं. तेवढंच. त्यापुढे मिस्त्री ऐकत बसत नाही, तो काहीतरी बदलतो आणि मग ऐकतो.

ऑइलची पट्टी बघणं हे पहिलं. ऑइल कमी असेल तर भरून परत ऐकायचं. लिफ्टर असेल तर फरक पडतो, बोल्ट तुटला असेल तर नाही. थंड इंजिन चालू करून वेळ मोजायचा: काही सेकंदांत गेला तर ऑइल लिफ्टरपर्यंत पोहोचल्यामुळे गेला, काही मिनिटांनी हळूहळू गेला तर धातू तापून फट मिटल्याची शंका. इंजिनावर भार टाकायचा: मॅनिफोल्डची गळती भाराबरोबर वाढते, टॅपेटला भाराशी फारसं देणंघेणं नसतं. मग एकेक सिलिंडर बंद करायचा. पेट्रोल इंजिनात इंजेक्टरचं कनेक्शन काढतात. जुन्या डिझेलमध्ये इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचे. सिलिंडर बंद केल्यावर ठोका गेला किंवा दबला तर तो ज्वलनाशी, इंजेक्टरशी किंवा गळतीशी जोडलेला होता. तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हच्या साखळीवर, कारण कॅमला सिलिंडर पेटतोय की नाही याची पर्वा नसते. (नव्या कॉमन रेल डिझेलवर ही नट सैल करायची युक्ती कुणीही करू नये. तिथे दाब हजार बारच्या वर असतो आणि ती धार कातडीतून आत जाते. तिथे स्कॅनरने सिलिंडर बंद करतात.)

आणि सगळ्यात देखणा प्रयोग शेवटी. सेटिंग करता येणारे टॅपेट असतील तर कव्हर काढून, आयडलवर चालू इंजिनात, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे फिलर गेजची पातळ पट्टी सरकवायची. एकाला लावली, आवाज तसाच. दुसऱ्याला, तसाच. पाचव्याला लावली आणि ठोका गेला. सापडला. मग इंजिन बंद करून सेटिंग. वरच्या कमिन्समध्ये बाराही व्हॉल्व्हचं सेटिंग क्रँकच्या दोनच स्थितींत होतं: पहिला सिलिंडर ज्वलनाच्या वेळच्या शिरोबिंदूवर आणून १, २, ४ चे इनटेक आणि १, ३, ५ चे एक्झॉस्ट, मग एक पूर्ण फेरी फिरवून उरलेले. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४ आहे. तो कागदावर मांडून हेच सहा का, ते स्वतः काढून बघा. प्रवेश परीक्षेतल्या अनेक प्रश्नांपेक्षा चांगला प्रश्न आहे.

फिलर गेजची ती पट्टी आपल्या भाषेत काय आहे? एक चल बदलला, बाकी सगळं तसंच ठेवलं, परिणाम बघितला. बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवतात तो नियंत्रित प्रयोग. गॅरेजमधलं निदान म्हणजे अशा प्रयोगांची मालिका, स्वस्त आणि सोपा आधी, महाग आणि न परतवता येणारा शेवटी.

आता जर्नलकडे या. या विषयावरच्या पेपरचा साचा एव्हाना ठरून गेलाय. प्रयोगशाळेत एक इंजिन. सिलिंडर हेडवर ॲक्सेलरोमीटर, कधी जोडीला मायक्रोफोन. टॅपेट क्लिअरन्सच्या तीन-चार स्थिती: योग्य, थोडी जास्त, खूप जास्त. प्रत्येक स्थितीत काही मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्याचे छोटे तुकडे, त्यांवर वेव्हलेट किंवा स्पेक्ट्रोग्राम, त्यावर न्यूरल नेटवर्क, आणि शेवटी अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव टक्के अचूकता. निष्कर्षात लिहिलेलं असतं की ही पद्धत प्रत्यक्ष वापरासाठी आशादायक आहे.

पहिला प्रश्न: बिघाड म्हणून क्लिअरन्सच का निवडली? ट्रकमध्ये सगळ्यात जास्त तीच बिघडते म्हणून? तसा दावा सहसा कुणी करत नाही. खरं कारण असं की ती पान्याने आणि फिलर गेजने पाच मिनिटांत हवी तेवढी लावता येते, नंतर परतही आणता येते, इंजिनाला इजा होत नाही. झिजलेला कॅम, खरखरीत झालेला रोलर, अर्धवट दबणारा लिफ्टर, रॉकर शाफ्टवरची झीज हे सगळं पाच मिनिटांत तयार करता येत नाही. म्हणून ते डेटासेटमध्ये नाही. गाइडला विचाराल तर तो म्हणेल, कुठूनतरी सुरुवात करावी लागते. मान्य. पण मग शीर्षकात 'व्हॉल्व्हच्या बिघाडांचं निदान' असं लिहू नये, 'क्लिअरन्सचं मोजमाप' लिहावं. बेअरिंगच्या क्षेत्रातही हेच झालं. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा डेटासेट सगळ्यांनी वापरला. त्यातले बिघाड विजेच्या ठिणगीने कोरलेले, ०.००७, ०.०१४, ०.०२१ इंच असे ठरीव मापाचे. खरी बेअरिंग अशी मापात झिजत नाहीत.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. समजा प्रत्येक स्थितीचं दोन मिनिटं रेकॉर्डिंग घेतलं आणि त्याचे ०.२ सेकंदांचे सहाशे तुकडे केले. मग सगळे तुकडे पत्त्यांसारखे पिसून ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के परीक्षेला ठेवले. परीक्षेतला ४१ वा तुकडा ज्या रेकॉर्डिंगमधला आहे, त्यातलाच ४० वा आणि ४२ वा मॉडेलने आधी पाठ केलाय. पेपर फुटल्यावर नव्याण्णव मिळाले तर त्याचं कौतुक काय करायचं?

पण यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती तुकडे न पिसताही उरते. 'योग्य' ही स्थिती सकाळी अकराला रेकॉर्ड झाली. मग कव्हर काढलं, क्लिअरन्स वाढवली, कव्हर परत बसवलं आणि साडेबाराला 'थोडी जास्त' रेकॉर्ड झाली. दरम्यान ऑइलचं तापमान बदललं, आयडलचा वेग दहा-वीस फेऱ्यांनी सरकला, कव्हरचे बोल्ट थोडे वेगळे आवळले गेले, कदाचित सेन्सर काढून परत चिकटवला. मॉडेलसमोर दोन वर्ग आहेत खरे, पण त्यांच्यातला फरक क्लिअरन्सचा आहे की अकरा आणि साडेबाराचा, हे सांगायला मॉडेलकडे काहीच मार्ग नाही. आपल्याकडेही नाही. वर्ग आणि सत्र एकमेकांना चिकटलेले आहेत.

यावर एक साधी परीक्षा आहे आणि ती करायला नवं उपकरण लागत नाही. 'योग्य' स्थितीच दोन वेळा रेकॉर्ड करा, दोन वेगळ्या दिवशी, मधे कव्हर काढून परत बसवून. क्लिअरन्स तीच. आता तेच मॉडेल या दोन 'योग्य' स्थिती एकमेकींपासून वेगळ्या ओळखतंय का बघा. पन्नास टक्क्यांच्या आसपास अडखळलं तर छान. ऐंशी-नव्वद टक्के वेळा ओळखलं, तर तुमचं मॉडेल दिवस ओळखतंय. अशी परीक्षा एखाद्या पेपरमध्ये दिसली तर तो पेपर जपून ठेवा, मला फार थोड्यांत दिसलीये. त्याहून पुढचं पाऊल म्हणजे प्रत्येक स्थिती निदान पाच वेळा नव्याने लावायची आणि एक पूर्ण सत्र परीक्षेसाठी बाजूला ठेवायचं. काम पाचपट वाढतं. अचूकता नव्याण्णववरून कितीही खाली आली तरी तो आकडा तुमचा स्वतःचा असतो.

तिसरी गोष्ट भौतिकशास्त्रवाल्यांसाठी. लय सगळ्यांची एक असली तरी वेळ एक नसते. ठोका क्रँकच्या कुठल्या कोनावर येतो ते मोजलं तर बरंच काही सुटतं: ज्वलन शिरोबिंदूजवळ, इनटेक व्हॉल्व्हचं बसणं तळबिंदू ओलांडल्यावर. ७५० फेऱ्यांवर क्रँकचा एक अंश म्हणजे ०.२२ मिलिसेकंद. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, प्रत्येकाचं उघडणं आणि बसणं, वर सहा ज्वलनं, मिळून दोन फेऱ्यांत तीस घटना. सरासरी दर २४ अंशांना, म्हणजे सव्वापाच मिलिसेकंदांना एक. दाटी आहे, पण मोजता येण्यासारखी. कोनाची नोंद ठेवणारे पेपर त्यामुळे मला नेहमी उजवे वाटतात, त्यांत न्यूरल नेटवर्क असो वा नसो. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून निदान देऊ करणारी कामं इथेच कमी पडतात, कारण रेकॉर्डिंगमध्ये क्रँक कुठे होता हे लिहिलेलंच नसतं.

मात्र कोनही सगळं सोडवत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तो पिस्टन तळाला पोहोचायच्या साधारण ४० ते ६० अंश आधी. ढिला एक्झॉस्ट रॉकर व्हॉल्व्हला भेटतो नेमका तेव्हा. आणि फुटक्या मॅनिफोल्डमधून वायू फटकन बाहेर येतो तोही नेमका तेव्हा, कारण व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय तो येणार कुठून? म्हणजे गॅरेजमध्ये जी जोडी सगळ्यात जास्त फसवते, तीच कोनाच्या मोजमापालाही फसवते. मार्ग आहेत. गळतीचा आवाज हवेतून येतो, रॉकरचा धातूतून. मायक्रोफोन आणि ॲक्सेलरोमीटर एकाच वेळी लावून दोघांची तुलना करता येईल. भार बदलून बघता येईल. हा मला खरा पीएच.डी.चा प्रश्न वाटतो. पण साचेबद्ध डेटासेटमध्ये मॅनिफोल्डची गळती हा वर्गच नसतो. मॉडेलला टॅपेटशिवाय दुसरं काही माहीतच नाही, तर ते दुसरं काय म्हणणार? मॅनिफोल्ड फुटलेला ट्रक त्याच्यासमोर आणलात तर ते छातीठोकपणे 'क्लिअरन्स खूप जास्त' म्हणेल.

शिवाय अचूकतेच्या तक्त्यात प्रत्येक चूक सारखीच मोजली जाते. वरच्या व्ही-८ मध्ये लिफ्टरला मॅनिफोल्ड म्हटलं तर मिस्त्री बोल्ट बघेल, ते ठीक दिसतील, तासाभराचं नुकसान. मॅनिफोल्डला लिफ्टर म्हटलं तर हेड उतरेल. या दोन चुका एकाच रकान्यात बेरीज करायच्या नसतात. किमतीचा हा हिशेब पेपरमध्ये क्वचित असतो, कारण त्यासाठी दुरुस्ती कशी होते ते लेखकाला माहीत असावं लागतं.

एकतर्फी होऊ नये म्हणून हेही सांगते: सगळीकडे ही टीका लागू पडत नाही. जहाजाचं इंजिन किंवा कारखान्यातला मोठा जनरेटर घ्या. तिथे सेन्सर कायमचा बसवलेला, इंजिन एकच, वर्षानुवर्षं त्याच भारावर चालणारं. कालच्या त्याच इंजिनाशी आजची तुलना करायची, त्यामुळे एकाच इंजिनावर शिकलेलं मॉडेल तिथे चालू शकतं. सूक्ष्म बदल माणसाच्या कानाला कळायच्या खूप आधी कळतो. अडचण येते ती तेच मॉडेल उचलून रस्त्यावरच्या अनोळखी ट्रकला लावताना.

आता राहिला तो मुद्दा, जो मला या संपूर्ण क्षेत्राबद्दल सगळ्यात गंभीर वाटतो. आवाज करणारा टॅपेट त्रासदायक असतो, पण तो स्वतःची तक्रार स्वतः करतो. धोकादायक असतो तो गप्प होत जाणारा. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनांत वायू कोरडा असतो, पेट्रोलसारखी ओल सीटवर राहत नाही, आणि व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याच्या दांड्याचं टोक रॉकरच्या जवळ येतं आणि क्लिअरन्स कमी होते. आवाज वाढत नाही, उलट इंजिन पूर्वीपेक्षा गुळगुळीत वाटतं. एक दिवस गरम असताना जागाच उरत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडला जाते. तो मार्ग तुटतो, फटीतून जळता वायू जातो आणि व्हॉल्व्हची कड जळते. सेटिंग करता येणारे टॅपेट असलेल्या सीएनजी गाड्यांना आवाज येत नसला तरी ठरल्या वेळी क्लिअरन्स तपासायला सांगतात, ते यासाठी. हायड्रॉलिक लिफ्टर असेल तर तो त्याच्या मर्यादेत हे सांभाळून घेतो.

पेपरमध्ये कधीकधी 'कमी क्लिअरन्स' असाही वर्ग असतो. पण शून्य क्लिअरन्सवर गरम इंजिन तासन् तास चालवून रेकॉर्डिंग कोण घेणार? इंजिन संस्थेचं आहे, व्हॉल्व्ह जळला तर स्टोअरच्या रजिस्टरमध्ये उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे 'कमी' म्हणजे थोडीशीच कमी, जिथे व्हॉल्व्ह अजून नीट बसतो. ज्या स्थितीत नुकसान होतं ती स्थिती डेटात नाही, आणि तिचा स्वतःचा ठोकाही नाही. आवाजावर आधारलेली पद्धत इथे मुळातच चुकीचं राशिमान मोजतेय.

मग मोजायचं काय? बसत नसलेला व्हॉल्व्ह दाब गमावतो, तो दाबाच्या परिणामांत शोधायचा. इंधन बंद ठेवून फक्त स्टार्टर फिरवा आणि बॅटरीच्या केबलभोवती क्लॅम्प लावून करंट बघा. प्रत्येक सिलिंडर दाबताना स्टार्टरला जोर लागतो, म्हणून करंटला सहा सिलिंडरचे सहा उंचवटे येतात. गळणाऱ्या सिलिंडरचा उंचवटा बुटका. क्रँकचा सेन्सर तर आता जवळजवळ प्रत्येक गाडीत आधीच बसवलेला असतो, अनेकदा ६० पैकी २ दात गाळलेल्या चाकासमोर. दाताला दात लागणारा वेळ मोजला की कुठल्या सिलिंडरजवळ क्रँक कमी अडतोय तेही दिसतं. नवा सेन्सर नको, हेडवर काही चिकटवायला नको, आणि सत्र बदललं तरी तुलना त्याच इंजिनाच्या इतर पाच सिलिंडरांशी होते, त्यामुळे वर सांगितलेला दिवस-ओळखण्याचा रोगही बराच आटोक्यात राहतो.

अर्थात बुटका उंचवटा फक्त 'हा सिलिंडर गळतोय' एवढंच सांगतो. व्हॉल्व्ह की पिस्टनची रिंग, हे नाही. त्यासाठी तो सिलिंडर शिरोबिंदूवर आणायचा, त्यात कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि ती कुठून निघतेय ते ऐकायचं: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा.